प्लंबरने दिलेला फरशीवाल्याचा नंबर: कामाला लावायच्या आधी माणूस कसा पारखायचा

घरात एक कारागीर कामाला लागला की पुढच्याचा नंबर त्याच्याकडूनच येतो. बाथरूमची पाइपलाइन बदलायला आलेला प्लंबर दुसऱ्याच दिवशी विचारतो, मॅडम फरशीवाला ठरवला का, माझा एक माणूस आहे, एकदम खात्रीचा. मग फरशीवाला रंगारी सुचवतो, रंगारी पीओपीवाला, पीओपीवाला इलेक्ट्रिशियन, आणि बघता बघता सगळं घर एकाच ओळखीतल्या माणसांच्या हातात जातं. आमच्या नाशकात इंदिरानगर घ्या, सिडको घ्या, गंगापूर रोड घ्या, सगळीकडे हेच. त्यात २०२७ च्या सिंहस्थाला पाहुणे येणार, त्याआधी घर नीट करून घेऊ म्हणून आमच्याच सोसायटीत आत्ता बऱ्याच घरांत ठोकाठोकी चालू आहे, त्यामुळे माणूस मिळतोय हेच खूप असं वाटतं आणि लोक पहिल्याच नंबरला हो म्हणून टाकतात.

माझं मत विचाराल तर कारागिराने केलेली शिफारस शेजाऱ्याच्या शिफारशीपेक्षा जास्त कामाची असते, फक्त ती कशाच्या जोरावर केलीय ते आधी काढून घ्यावं लागतं. शेजारी झालेलं काम बघतो, फरशी चकचकीत दिसली की छान म्हणतो. प्लंबरने त्या फरशीवाल्याला काम करताना बघितलेलं असतं, टाईलच्या मागे सिमेंटचा माल पूर्ण भरतो की चार कोपऱ्यांत ठिपके लावून चिकटवतो हे त्याला माहीत असतं, ते तुम्हाआम्हाला नंतर कधीच दिसत नाही. पण तोच प्लंबर मेहुणा आहे म्हणूनही नाव सांगतो, हजार-दोन हजार सुटतात म्हणूनही सांगतो, आणि गेल्या महिन्यात त्याने मला काम दिलं होतं आता मी त्याला देतो, असंही असतं. यातलं काहीच गुन्हा नाही हो, पोटापाण्याचा धंदा आहे, ओळखीवरच चालतो. फक्त आपल्याला कळलं पाहिजे की समोरचं नाव यातल्या कुठल्या कारणाने आलंय.

तर सुरुवात नवीन माणसाला फोन करून नाही करायची, ज्याने नाव सांगितलं त्याच्यापासून करायची. चहा घेताना निवांत विचारा, उलटतपासणी केल्यासारखं नको.

पहिलं विचारायचं, तुम्ही दोघांनी शेवटचं काम कुठे केलं? ज्याने खरंच सोबत काम केलंय तो लगेच सांगतो, पाथर्डी फाट्याला अमुक बिल्डिंग, दुसरा मजला, दिवाळीच्या आधी. ज्याने नाही केलं तो म्हणतो, लय ठिकाणी केलीत मॅडम, कुठली कुठली सांगू. मग दुसरं, तुमच्या स्वतःच्या घरी कोणी केलं? हा प्रश्न मला फार आवडतो कारण याला तयार उत्तर नसतं, माणूस क्षणभर थांबतो आणि जे खरं असेल ते बोलतो. आणि तिसरं, जे लोक विचारतच नाहीत, त्याच्यात कमी काय आहे? आमच्या जुन्या प्लंबरकाकांना एका फरशीवाल्याबद्दल मी हेच विचारलं तर म्हणाले, "हात चांगला हाये ताई, लेव्हलला कुठं बोट ठेवायला जागा नाय, पन दुसरी साईट सुरू झाली की तिकडं पळतो, त्याला रोज संध्याकाळी फोन करून उद्याचं पक्कं करावं लागंल." अशी शिफारस मिळाली की समजायचं हा माणूस खरा ओळखीचा आहे. एकही खोट न सांगता नुसतं "टेन्शनच घेऊ नका" म्हणणाऱ्यावर मी तेवढा विश्वास ठेवत नाही.

कमिशनचंही सरळ विचारावं. "दादा, तुमचं काही ठरलेलं असेल त्याच्याशी तर सांगा, मला राग नाही, फक्त मला हिशेब कळू दे." दहातले बरेच जण हसून नाही म्हणतील, पण हसण्यावरूनही अंदाज येतो. आणि असेल तर असू दे, चांगला माणूस मिळवून दिला म्हणून त्याने काही घेतलं तर बिघडत नाही, बिघडतं ते पुढे, जेव्हा नवीन माणसाचं काम खराब होतं आणि आधीचा त्यावर बोलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणाबद्दल कोणाला विचारायचं याला एक क्रम आहे. घराच्या कामात प्रत्येक कारागीर आधीच्याच्या कामावर आपलं काम चढवतो, त्यामुळे नंतर येणाऱ्याला आधीच्याच्या चुका हाताला लागतात. गवंड्याचं प्लास्टर कसं आहे हे रंगाऱ्याला विचारा, कारण पुट्टी ओढताना भिंतीतली लाट त्याला सापडते आणि एक खड्डा भरायला त्याची अर्धी गोणी जाते. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का हे सुताराला किंवा मॉड्युलर किचन बसवणाऱ्याला माहीत, कोपरा ९० अंशात नसेल तर त्याचं कपाट भिंतीला लागत नाही, मागे फट राहते, मग तो फिलर पट्टी मारत बसतो. प्लंबर कसा आहे हे फरशीवाल्याला विचारायचं, नळाचे पॉइंट एका लेव्हलला नसतील किंवा पाइप झिरीतून, म्हणजे भिंतीत कापलेल्या खाचेतून, बाहेर आलेला असेल तर टाईल बसवताना त्यालाच जाड माल भरावा लागतो. इलेक्ट्रिशियनबद्दल एसी बसवणाऱ्याला विचारा, तो बोर्ड उघडतो आणि आतली वायर बघतो. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याबद्दल विचारायचं असेल तर लिकेज दुरुस्तीची कामं करणाऱ्याला विचारा, तो दुसऱ्यांची फसलेली कामं फोडतच असतो.

उलट्या दिशेने आलेली शिफारस हलकी धरायची. प्लंबरने रंगारी सुचवला तर प्लंबरला रंगाऱ्याच्या कामातलं कितीसं दिसणार, तो गेल्यावर रंगारी येतो. वाईट माणूस असेल असं नाही, पण ते नाव ओळखीपाळखीतून आलंय, कामातून नाही, एवढं लक्षात ठेवा. मग अशा वेळी त्या रंगाऱ्याने जिथे रंग दिलाय तिथल्या लोकांशी बोलूनच ठरवायचं.

याच्यात एक अडचण आहे, ती पण सांगते. नंतरचा कारागीर आधीच्याला नावं ठेवतोच, ही सवयच असते, "ज्याने केलं त्याने वाट लावलीय" असं म्हटलं की रेट वाढवायला बरं पडतं. म्हणून नुसतं ऐकायचं नाही, म्हणायचं, दाखवा कुठे. खरंच खोट असेल तर तो ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावून मागचा उजेड दाखवेल, नाहीतर गुण्या लावून दाखवेल. नुसतं तोंडाने बोलत राहिला तर सोडून द्या.

दुकानदाराची शिफारस हे वेगळंच प्रकरण. टाईल्सचं, हार्डवेअरचं, रंगाचं, प्लायवूडचं दुकान, तिथे काउंटरवर दहा जणांची कार्डं पडलेली असतात. दुकानदाराला कारागिराच्या कामाचा दर्जा कमी आणि व्यवहार जास्त कळतो. कोण माल वाया घालवतो, कोण उरलेला माल परत आणून देतो, कोणाची उधारी वेळेवर येते, हे त्याच्या वहीत असतं आणि हे आपल्याला फार उपयोगी आहे, कारण जो दुकानदाराची उधारी थकवतो तो आपला ॲडव्हान्स आधीच्या साईटचे पैसे भागवायला वापरण्याची शक्यता जास्त. पण उधारी थकली असेल तर ती वसूल व्हावी म्हणून दुकानदार त्यालाच काम मिळवून देतो, असंही होतं. म्हणून दुकानदाराला विचारताना "माणूस कसा आहे" असं न विचारता "रोखीने माल नेतो की खात्यावर?" असं विचारा. उत्तर द्यायला तो जरा चुळबुळला तर पुढचं समजून घ्या.

शिवाय रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन असतं, टाईल ॲडेसिव्ह आणि पुट्टीच्या गोण्यांवर स्कॅन करायचे पॉइंट असतात, प्लायवूडवर सुताराचं कमिशन असतं, हे सगळ्या धंद्याला माहीत आहे. त्यामुळे "हाच ब्रँड घ्या, याच दुकानातून घ्या" असा आग्रह झाला की दुसऱ्या दुकानात जाऊन त्याच मालाचा भाव काढा. फरक थोडा असेल तर कारागिराचं मन राखा, जास्त असेल तर माल आपण आणायचा आणि त्याला मजुरी थोडी वाढवून द्यायची. असं केलं की दोघंही खूश राहतात, मी तरी हेच करते.

आता काम बघायला जायचं. फोनमधले फोटो बघून ठरवू नका, फोटो कोणाच्याही साईटचे असतात आणि फोटोत फरशी कधीच पोकळ वाजत नाही. दोन जागा मागायच्या, एक चालू असलेली साईट आणि एक जुनं काम. जुनं म्हणजे ज्यावरून निदान एक अख्खा पावसाळा गेलाय असं. टेरेसचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतीचा रंग, खिडकीच्या कडेची सीलिंग, हे सगळं मे महिन्यात सुंदरच दिसतं, ऑगस्टमध्ये कळतं. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस झड लागते, पश्चिमेकडून येणारा पाऊस भिंतीवर आडवा मारतो, त्यात टिकलं तर काम खरं.

जुन्या घरी गेलात की मालकिणीशी बोला, कारागीर बाजूला असताना नाही, नंतर फोनवर. झालं की नाही वेळेत, शेवटी पैसे किती वाढले, आणि नंतर काही निघालं तेव्हा हा आला का, एवढंच विचारायचं. या तिसऱ्यावर माझा सगळा भर असतो. काम कोणाचंही थोडंफार चुकतं, नंतर फोन उचलून येणारा माणूस मिळणं अवघड.

आणि मग हात लावून बघा. एक रुपयाचं नाणं किंवा मोठी किल्ली घ्या, बाथरूमच्या भिंतीवरच्या टाईलवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर हळू ठोका. माल पूर्ण भरलेला असेल तर आवाज बसका, दबका येतो, आत पोकळी असेल तर टणटण वाजतं, एकदा दोन्ही आवाज ऐकले की परत चूक होत नाही. एखाददुसरी टाईल कोपऱ्यात वाजली तर ठीक आहे, ओळीने वाजत असतील तर त्याने ठिपके ठिपके लावून काम उरकलंय. हल्लीच्या २ बाय ४ फुटांच्या मोठ्या विट्रिफाइड टाईल्स पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, साध्या सिमेंटला त्या नीट धरत नाहीत, त्यांना ॲडेसिव्हच लागतं आणि तेही दात्यांच्या पट्ट्याने पूर्ण पसरवून. मग एक मग पाणी बाथरूमच्या दारापाशी ओता आणि थांबा. पाणी आपोआप नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, गेलं पाहिजे, कोपऱ्यात डबकं राहता कामा नये आणि दाराबाहेर तर यायलाच नको. जमलं तर खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा, तिथे ओल नसेल तर वरच्याचं काम पास. खालचे लोक एवढ्यासाठी नाही म्हणत नाहीत, उलट चहा विचारतात.

चालू साईटवर वेगळं बघायचं. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर टेकवून ठेवल्यात की खाली फळ्या आहेत, नवीन प्लास्टरवर पाणी मारतायत का, निदान सात दिवस तरी मारायला हवं, कटिंग मशीनची वायर उघडी आहे का, भिंतीतले पाइप बंद करायच्या आधी टेस्ट केले का. आणि तिथे नेमका कोण काम करतोय? ज्याच्याशी आपलं बोलणं झालंय तो माणूस साईटवर आहे का, की तो फक्त गाडीवरून येऊन पैसे घेऊन जातो आणि हात दुसऱ्याचाच आहे? नाव एकाचं आणि काम तिसऱ्याचं असं फार चालतं. मग सरळ ठरवायचं, माझ्याकडे हाच मिस्त्री पाहिजे जो इथे दिसतोय. आणि गावी कधी जाणार तेही आत्ताच विचारून ठेवा, बरेच बिगारी पेठ-सुरगाण्याकडचे असतात, भात लावणीला जुलैमध्ये गावी जातात, परप्रांतातल्या टीम होळीला नाहीतर छठला जातात, जायलाच पाहिजे त्यांनी, पण आपलं बाथरूम फोडून ठेवलेलं असताना नको.

काही कामांना वेगळी चाळणी लावावी लागते. इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याकडे सरकारी परवाना असतो, वायरमनचा वेगळा, विद्युत ठेकेदाराचा वेगळा. तो नसेल तर बल्ब-पंखा बसवायला ठीक आहे, अख्ख्या घराचं वायरिंग नको, मग सुचवणारा कितीही जवळचा असो. बोलता बोलता विचारा, गिझरला कितीची वायर टाकणार? ४ स्क्वेअर एमएम म्हणाला तर बरं, साधारण लाईट-पंख्याला १.५ आणि साध्या प्लगला २.५ चालते. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावणार का हे विचाराच, शॉक लागला तर लाइन तोडते ती हीच, एमसीबी ते काम करत नाही. "कशाला खर्च करता" असं उत्तर देणारा इलेक्ट्रिशियन माझ्या घरात येणार नाही.

सुताराला विचारा ओट्याखाली कुठली प्लाय. पाण्याजवळ आयएस ७१० ची बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारी, बाकी कपाटांना आयएस ३०३ चालते, शीटवर शिक्का असतो तो बघून घ्यायचा आणि कापलेल्या कडेला आत पोकळ जागा दिसतात का तेही. रंगाऱ्याचं एकच सांगते, ओल असलेल्या भिंतीवर जो लगेच पुट्टी मारायला तयार होतो त्याला घेऊ नका, वर्षाच्या आत पोपडे निघणार. चांगला रंगारी म्हणतो, आधी ओल कुठून येतेय ते काढा, भिंत वाळू दे, मग मला बोलवा. स्वतःचं काम पुढे ढकलणारा माणूस दिसला की त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.

तोडफोडीच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. हॉल मोठा करायचाय म्हणून भिंत काढायची असेल तर ती नुसती विटांची आहे की तिच्यात कॉलम-बीम आहे हे कारागिराच्या सांगण्यावर सोडायचं नाही, इंजिनीअरला बोलवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या. सिडकोतल्या घरांवर मजला चढवताना तर आधी पाया आणि कॉलम तपासूनच. जुन्या नाशकात, पंचवटीत ज्यांचे वाडे आहेत, लाकडी खांब, माती-चुन्याच्या भिंती, त्यांनी फ्लॅटमध्ये काम करणारा गवंडी कितीही चांगला असला तरी सरळ लावू नये. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर ठोकलं की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत कुजते. त्याला चुन्यात काम केलेला हात लागतो, आणि "चुन्याचं प्लास्टर कुठे केलंय, दाखवा" म्हटलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

भावाकडे येऊ. नुसत्या स्क्वेअर फुटाच्या रेटवर दोन माणसांची तुलना करू नका, कारण एकाच्या रेटमध्ये जुनी फरशी काढणं, राडारोडा खाली उतरवून नेणं, स्कर्टिंग, कटिंग, ग्राउट सगळं धरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या रेटमध्ये फक्त बसवणी. मजुरीवर देताय म्हणजे माल आपला आणि पैसे फक्त कामाचे, विथ मटेरियल देताय, की सगळं उक्तं, एका ठरलेल्या रकमेत देताय? रोजंदारीवर दिलं तर काम लांबतं, उक्तं दिलं तर घाई होते, म्हणून बाथरूमसारखं नाजूक काम मी मजुरीवर देते आणि तोडणं, माल वाहणं हे उक्तं. माप कोण घेणार, दारं-खिडक्या वजा होणार की नाही, वाढीव काम निघालं तर आधी सांगणार की बिलात दाखवणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "ठीक आहे" असं उत्तर घ्या. शंभर रुपयांच्या स्टॅम्पची गरज नाही, एवढ्यानेही नव्वद टक्के भांडणं टळतात असा माझा तरी अनुभव.

शिफारशीतून आलेल्या माणसाच्या बाबतीत दोन भाव अजून बाहेरून काढायचेच, एक तरी असा की ज्याचा त्या ओळखीशी काही संबंध नाही. पटला तर शिफारसवालाच घ्या, पण आकडा कुठे आहे ते कळतं.

मोठी कंपनी किंवा इंटिरियरवाला जीएसटी लावत असेल तर नंबर मागून पोर्टलवर टाकून बघा, १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. छोट्या मिस्त्रीकडे तो नसला तर घाबरू नका, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते. पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावतोय तर तो माणूस बाद.

आता साखळीचा खरा धोका. प्लंबर आणि फरशीवाला एकमेकांचे असले की समन्वय छान होतो, फोनाफोनी आपल्याला करावी लागत नाही. पण सहा महिन्यांनी खालच्या फ्लॅटमध्ये पाणी उतरलं की प्लंबर म्हणतो टाईलच्या सांध्यातून जातंय, फरशीवाला म्हणतो पाइप गळतोय. किंवा त्याहून वाईट म्हणजे काम चालू असताना एकाला दुसऱ्याची चूक दिसते आणि दोस्ती म्हणून तो ती गुपचूप झाकून टाकतो. ओळखीतल्या एकांच्या घरी गळका सांधा दिसत असूनही त्याच्यावर टाईल बसली, कारण बसवणाऱ्याला तो प्लंबरच कामं देत होता. नंतर नवी फरशी परत फोडली.

यावर उपाय एकच, काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये टेस्ट ठेवायची, दोघांसमोर. पाइप भिंतीत बंद करायच्या आधी हातपंपाने पाण्याचा दाब देऊन गेजचा काटा उतरतो का ते बघायचं, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपांचे सांधे सुकायला वेळ देऊन मग. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, जमलं तर ४८, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची, खालच्यांना छत बघायला सांगायचं. थोडं पाणी वाफेने कमी होतं ते सोडा. हे झाल्यावर फरशीवाल्याला विचारायचं, "प्लंबरचं काम तुम्हाला मान्य आहे का? आता तुम्ही फरशी टाकली की पुढची जबाबदारी तुमची." दोघांच्या समोर हा प्रश्न विचारला की दोस्ती बाजूला राहते आणि नीट बघितलं जातं. उघड्या पाइपांचे फोटो टेप लावून काढून ठेवा, नंतर टॉवेल रॉड लावायला ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

पैशाचं थोडक्यात. ॲडव्हान्स साहित्यापुरता किंवा कामाच्या दहा-पंधरा टक्के, अर्धे पैसे आधी मागणाऱ्याला नको. पुढचे पैसे दिवस बघून नाही, टप्पा बघून. शेवटचे दहा टक्के सगळ्या टेस्ट झाल्यावर, बाथरूम-टेरेसचे तर पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि हे सुरुवातीलाच सांगायचं, शेवटी सांगितलं तर तो आपल्याला बुडवे समजेल आणि त्याचं बरोबर असेल. ज्याचं काम त्याच्याच हातात किंवा त्याच्याच खात्यात पैसे द्या. "माझ्याकडे द्या, मी त्याला पोचवतो" असं सुचवणारा म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणा, कारण मधे किती कापले गेले ते आपल्याला कळणार नाही आणि कमी पैसे मिळालेला माणूस राग आपल्या भिंतीवर काढणार. आणि चांगलं काम झालं की ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या हो, रखडवू नका, आपणही कोणाच्या तरी वहीत असतोच.

प्रकरण फारच बिघडलं तर बिल, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपचं बोलणं आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. पण रोख पैसे आणि तोंडी बोलणं असेल तर तिथेही हात रिकामेच.

जमत असेल तर आधी छोटं काम देऊन बघा. अख्खा फ्लॅट देण्याआधी बाल्कनीची फरशी, एक दार, एका खोलीचा रंग. वेळेवर येतो का, झाकपाक करून काम करतो का, गेल्यावर झाडून जातो का, दोन-तीन दिवसांत सगळं दिसतं.

आणि पसंत नाही पडला तर? इथे लोक अडकतात, कारण प्लंबर रोज डोळ्यासमोर आहे आणि त्याने सुचवलेल्याला नाही कसं म्हणायचं. मी सांगते, "दादा, माणूस चांगला आहे तुमचा, पण घरच्यांनी दुसऱ्या एकाला आधीच शब्द दिलाय, पुढच्या कामाला नक्की बघू." नवीन माणसाला मात्र स्वतः फोन करून कळवा, त्याला लटकवून ठेवू नका, तो तुमच्यासाठी तारखा अडवून बसलेला असतो. साईट बघायला आल्याबद्दल पेट्रोलचे शे-दोनशे देऊ केले तर बहुतेक जण घेत नाहीत, पण विचारलेलं त्यांच्या लक्षात राहतं, आणि ऐन पावसाळ्यात रविवारी पाइप फुटला की हाच माणूस फोन उचलतो.